पहिल्या तारखेच्या आत

ज्या वर्षी दादाच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी घरमालकाने शटलची खोली विकायला काढली. लग्न झालं जूनमध्ये, खोलीचं बोलणं निघालं ऑक्टोबरात. मधल्या चार महिन्यांत शटल आणि तिची वहिनी एकमेकींशी धड चार शब्द बोलल्या नव्हत्या.

शटल हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती शिलाई मशिनं दुरुस्त करायची. लहानपणीच्या तापाने दोन्ही पाय गेले, तेव्हापासून चाकाची खुर्ची. भिंतीला लागून लांबलचक टेबल होतं. त्याच्या या टोकाहून त्या टोकाला ती खुर्चीवरून अशी सरसर जायची, की कुण्या शिंपिणीने तिला, मशिनात खालून दोरा घेऊन धावणाऱ्या तुकड्यावरून, शटल म्हटलं आणि ते चिकटलं. तिलाही ते आवडायचं. "शटल अडलं की अख्खं मशीन ठप्प," म्हणायची. "पाहा माझी किंमत."

खोली तळमजल्यावर, अंगणाच्या मागच्या बाजूला. उंबरठा तिने सुताराकडून तासून घेतला होता, दार चार बोटं रुंद करवून घेतलं होतं. खुंट्या, दिव्याचं बटण, शेगडी, नळ, सगळं बसलेल्या माणसाच्या हाताला लागेल अशा उंचीवर. उभा माणूस आत आला की त्याला प्रत्येक गोष्टीसाठी वाकावं लागायचं. अशी खोली पैसे टाकून मिळत नाही. ती बावीस वर्षं राहून, एकेक खिळा उपटून आणि पुन्हा ठोकून तयार झाली होती.

पन्नाशीला तिचा उजवा खांदा गेला. तोवर ती हातांच्या जोरावर खाटेवरून खुर्चीत जायची; मग ते जमेना. सरकारी कचेरीतून तिला भत्ता मिळायचाच, आता त्याच्या जोडीला रोज सकाळी दोन तासांसाठी एक बाई मिळू लागली. तिला सगळे सकाळची मावशी म्हणत. मावशी साडेसहाला यायची, शटलला उठवायची, आंघोळ घालायची, खुर्चीत बसवायची आणि साडेआठला दुसऱ्या घरी जायची. त्या दोन तासांवर शटलचा सगळा दिवस उभा होता.

भत्त्याला एक अट होती. तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त शिल्लक नावावर असता कामा नये. त्याच्या वर गेली की भत्ता बंद, आणि मावशीचे तास भत्त्याला बांधलेले, म्हणजे तेही बंद. राहतं घर आणि धंद्याची अवजारं मात्र मोजत नसत. म्हणून शटल पैसे साठवायची नाही, मशिनं साठवायची. भंगारात निघालेलं मशीन घ्यायचं, खोलायचं, गंज घासायचा, नवे दाते बसवायचे, नवा पट्टा घालायचा, आणि शिवणाऱ्या बायकांना महिन्याच्या भाड्याने द्यायचं. बावीस वर्षांत अशी चौदा मशिनं झाली होती. दरवर्षीच्या फॉर्मवर ती चौदाही मशिनं लिहायची. लपवाछपवी तिला जमत नव्हती, आणि परवडतही नव्हती.

पण लोकांना अट कुठे माहीत होती? त्यांना मशिनं दिसायची. भाचीच्या लग्नात शटलने दिलेलं पाकीट पातळ निघालं, तेव्हा वहिनी चारचौघांत म्हणाली, "चौदा मशिनांची मालकीण, आणि भाचीसाठी हात आखडला! वर घेऊन जाणार आहे का सगळं?"

शटलने ऐकलं आणि खुर्ची फिरवून ती जेवण न करता घरी आली. तेव्हापासून बोलणं बंद.

तर ऑक्टोबरात घरमालक आला. बोलघेवडा, जाडजूड, बायको गेलेला माणूस. अंगणाच्या पुढच्या घरात दुसऱ्या मजल्यावर राहायचा. वाकून, टेबलाला टेकून उभा राहिला.

"विकतोय गं मी ही खोली. जिना चढवत नाही आता, मुलाकडे जाऊन राहीन म्हणतो. एक गोदामवाला विचारून गेलाय. पण तू बावीस वर्षांची भाडेकरू, म्हणून आधी तुला सांगतोय."

"गोदामवाला काय ठेवणार इथे?"

"रंगाचे डबे."

"किती म्हणतोय?"

त्याने आकडा सांगितला. शटलने हातातला पेचकस खाली ठेवला. मनात तिने एकेक मशीन मोजलं. पडदेवालीकडचं मोठं, कारखान्याच्या कामाचं. दोन भरतकामाची. बाकीची साधी अकरा. सगळी गेली तर आकडा जेमतेम भरत होता.

"मी घेते."

घरमालक हसला. "कशाच्या जोरावर?"

"पायांच्या तर नाही," शटल म्हणाली. "तुम्ही त्याला नाही सांगा. नोव्हेंबर संपायच्या आत पैसे तुमच्या हातात देते."

त्या संध्याकाळी दादा आला. दादा बस चालवायचा. ड्यूटी संपली की आठवड्यातून एकदा डोकावून जायचा, बायकोला न सांगता. सगळं ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

"अगं, चौदा मशिनांचे पैसे तुझ्या खात्यात आले की कचेरीवाले सोडतील का तुला? त्यापेक्षा माझ्या नावावर घेऊ. राहा की तू मरेपर्यंत. कोण काढतंय तुला?"

"तू नाही काढणार."

"मग?"

"तू कायम असणार आहेस का? उद्या जावई म्हणाला, सासरेबुवा, ही खोली आमची, तर? मशिनं माझी, गंज मी घासला, आणि खोली तुझी? मग मी बावीस वर्षं काय केलं? पुन्हा भाडेकरूच?"

दादा उठला. जाताना म्हणाला, "तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीला गाडी घालणं."

"ब्रेक मारायला शीक मग," शटल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. खिडकीपाशी चष्मा लावलेला एक तरुण कारकून होता. खिडकी उभ्या माणसासाठी केलेली. शटलला फक्त खिडकीचा कडाप्पा दिसत होता आणि कारकुनाला फक्त तिचा भांग. शेवटी तो बिचारा बाहेर येऊन बाकावर बसला.

"साहेब, राहतं घर माझ्या नावावर असलं तर चालतं?"

"चालतं. ते मोजत नाहीत."

"अवजारं?"

"तीही चालतात."

"मग अवजारं विकून घर घेतलं तर?"

कारकून विचारात पडला. "मध्ये पैसे होणार ना त्यांचे? पैसे चालत नाहीत."

"म्हणजे मशिनं होती तेव्हा मी गरीब. घर झाल्यावर मी गरीब. आणि मध्ये आठ दिवस मी श्रीमंत?"

"ताई, नियम काही मी नाही केले."

"ठाऊक आहे. तुम्ही केले असते तर खिडकी तरी खाली ठेवली असती." कारकून ओशाळून हसला. "मला एवढंच सांगा, शिल्लक मोजता कधी? रोज?"

तो उठला, आत जाऊन जाडजूड पुस्तक घेऊन आला आणि पान काढून बोट ठेवलं. शिल्लक महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी मोजायची. त्या सकाळी जास्त असेल तर तो महिना भत्ता बंद. पुढच्या पहिल्या तारखेला खाली आली तर पुन्हा सुरू. लागोपाठ दोन महिने जास्त राहिली तर फाईल बंद.

"फाईल बंद म्हणजे?"

"पुन्हा पहिल्यापासून अर्ज. डॉक्टरांची तपासणी, चौकशी. आठ-दहा महिने जातात."

"तेवढे दिवस मला खाटेवरून कोण उठवणार?"

कारकुनाने पुस्तक मिटायला घेतलं. शटलने त्या पानाची प्रत मागून घेतली, घडी करून पिशवीत टाकली आणि घरी येईपर्यंत सगळं ठरवलं. मशिनं दोन नोव्हेंबरपासून विकायची. महिन्याच्या शेवटाआधी खोली नावावर करायची. एका पहिल्या तारखेपासून दुसऱ्या पहिल्या तारखेपर्यंत जे काय श्रीमंत व्हायचं ते होऊन घ्यायचं.

मशिनं भाड्याने घेतलेल्या सगळ्या बायकांना तिने बोलावलं. टेबलापुढे दाटीवाटीने उभ्या राहिल्या. जिच्या तिच्या हातातलं मशीन जिने तिने विकत घ्यावं, दर बाजारापेक्षा कमी, असं ठरलं. बायका खूश. पडदेवालीने तर तिथेच कमरेची पिशवी सोडली.

"घे, आताच घे!"

"एक दमडी नको," शटलने तिचा हात धरला. "दोन तारखेच्या आधी माझ्या हातात कुणी पैसे ठेवले तर ती माझी वैरीण."

"बाई, पैसे नको म्हणणारी पहिलीच पाहिली!" एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

आता या पडदेवालीची एक खोड होती. गावाला जायचं झालं की ती आधी सगळ्यांचं देणं मिटवायची. दुकानदार, दूधवाला, कुणाचंही. देणं ठेवून घराबाहेर पडली की तिला गाडीत झोप लागत नसे. एकतीस ऑक्टोबरला मुलीच्या बाळंतपणाचा निरोप आला. निघण्याआधी तिला शटलचे पैसे आठवले. हातात द्यायचे नाहीत, हे तिच्या पक्कं ध्यानात होतं. म्हणून तिने ते हातात दिले नाहीत. बँकेत जाऊन शटलच्या खात्यात भरले, आणि शांत मनाने गाडीत बसली.

तीन तारखेला शटलने पासबुक भरून आणलं आणि तिचे डोळे पांढरे झाले. चौदांतलं सगळ्यात महागडं मशीन पहिल्या तारखेला तिच्या खात्यात येऊन बसलं होतं.

पासबुक तिने बाजूला ठेवलं. टेबलावर कुणाचं तरी मशीन अर्धं खोललेलं होतं. ते तिने पुन्हा जोडलं, तेल दिलं, चिंधीवर टाके घालून पाहिले. मग हात धुतले आणि कचेरीत गेली.

कारकुनाने पासबुक पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, तुम्ही दाखवलं नसतं तर वर्षअखेरपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता."

"आणि वर्षअखेरीला लागला असता तर?"

"मधल्या सगळ्या महिन्यांचं परत मागितलं असतं. शिवाय माहिती लपवली म्हणून..."

"म्हणून तर आज आले. लिहा."

त्याने लिहिलं. नोव्हेंबरचा भत्ता बंद, मावशीचे तास बंद. मावशी दुसऱ्या दिवशी डोळे पुसत सांगायला आली; तिची नेमणूक दुसऱ्या घरी झाली होती.

"मी चोरून येऊन जाईन गं सकाळी पाचला."

"आणि पकडली गेलीस तर तुझी नोकरी जाईल. माझ्या एका महिन्यापायी? मुळीच नको."

पहिल्या सकाळी दादा आला. दारात उभा राहिला, आत आला, पुन्हा दारात गेला. बसच्या चाकाएवढे हात होते त्याचे, पण त्यांचं काय करायचं हे त्याला कळेना. शेवटी त्याने शटलला उचललं ते धान्याच्या पोत्यासारखं, आणि आंघोळीचं नाव निघताच कानापर्यंत लाल झाला.

"दादा, जा तू," शटल म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही. "तुझी बस उभी असेल."

दुसऱ्या सकाळी साडेसहाला दार वाजलं तेव्हा दारात वहिनी होती. चपला काढल्या, बाह्या वर सारल्या.

"हे सांगतायत, तुझी बाई बंद झाली. मी बोलायला आलेले नाही. कुठून धरायचं तेवढं सांग."

"उजव्या खांद्याला हात लावू नका. डाव्या काखेतून धरा. आणि गुडघे वाकवून उचला, नाहीतर तुमची कंबर जाईल."

"माझ्या कंबरेची काळजी तू करू नकोस."

पहिले चार दिवस असेच गेले. वहिनी उठवायची, न्हाऊ घालायची, जोरजोराने पाठ घासायची. "पाठ आहे वहिनी, पातेलं नाही," असं शटल म्हणाली तेव्हा वहिनीचा हात थांबला, आणि पुढच्या तांब्याला पाणी जरा कोमट आलं.

पाचव्या दिवशी केस विंचरताना वहिनीने एकदम विचारलं, "चौदा मशिनांचं भाडं खात होतीस. ते गेलं कुठे इतकी वर्षं?"

शटलने टेबलाच्या खणाकडे बोट केलं. वहिनीने जुनी पासबुकं काढली, एकावर एक रचलेली. दिव्याखाली बसून पानं उलटत राहिली. पैसे आले की गेले. नवं भंगार मशीन, औषध, खुर्चीची चाकं. कुठल्याही पानावर शिल्लक एका रेषेच्या वर चढलेली नव्हती.

"एवढेच? कधीच याहून जास्त नाही?"

"ठेवताच येत नाही. ठेवले तर मावशी जाते."

"मग जून महिन्यात तसं सांगायला तुझी जीभ झिजली असती का?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही ओरडलात."

वहिनीने पासबुकं पुन्हा खणात ठेवली. वेणीचा शेवटचा पेड घालून झाला तरी तिचा हात शटलच्या डोक्यावरून निघाला नाही. "उद्या सहालाच येते," एवढंच म्हणाली. "साडेसहाला घाई होते."

महिन्याभरात एकेक मशीन विकलं गेलं. भरतकामवाल्या दोघी एकाच दिवशी आल्या. एकीचे पैसे कमी पडले तर बाकीच्यांनी आपसांत जमवले. पंचवीस तारखेला रक्कम पूर्ण झाली. नोंदणीची तारीख अठ्ठावीस ठरली होती. सत्तावीसच्या संध्याकाळी घरमालकाच्या मुलाचा निरोप आला. बाबांची दाढ सुजली आहे, तोंड उघडत नाही, नोंदणी पुढच्या आठवड्यात करू.

"पुढच्या आठवड्यात पहिली तारीख येते!" शटल म्हणाली. "म्हणजे दोन महिने लागोपाठ. म्हणजे फाईल बंद."

दादा म्हणाला, "चार दिवस पैसे माझ्याकडे ठेव की."

"आणि कचेरीत काय सांगू? भावाकडे लपवले? मी बावीस वर्षं खरं लिहीत आलेय. आता चार दिवसांसाठी खोटं नाही लिहायची."

अठ्ठावीसला सकाळी तिने खुर्ची थेट घरमालकाच्या खिडकीखाली नेली. जिना तिला चढता येत नव्हता, म्हणून तिने आवाज चढवला.

"काका! अहो काका!"

वर खिडकी उघडली. अर्धं डोकं फडक्यात बांधलेलं, गाल भोपळ्यासारखा.

"ऊं?"

"सही दाढेने करायची आहे का तुम्हाला?"

रस्त्यावरची माणसं थांबली. घरमालकाने हाताने नकार दिला आणि खिडकी लावली. शटल तिथेच बसली. मांडीवर एक मशीनचं डोकं घेऊन ती खोलायला लागली. अकराला वहिनी डबा घेऊन आली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसली. दुपारी घरमालकाने पडदा सारून पाहिलं, दोघी आहेत. संध्याकाळी पाहिलं, दोघी आहेत, आणि शिवाय सहा शिंपिणी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुपारी वहिनी जिना चढून वर गेली. खाली शटलला शब्द ऐकू येत नव्हते, फक्त वहिनीचा चढा आवाज आणि मध्ये मध्ये "ऊं, ऊं". थोड्या वेळाने वहिनी खाली आली. तिच्यामागे भिंतीला धरत घरमालक.

"दाताच्या डॉक्टरकडे नेतेय यांना," वहिनी म्हणाली. "तीन दिवस नुसतं फडकं बांधून बसलेत. माणूस आहे की मूल? दाढ आज काढतील, उद्या सही."

तीस तारखेला दुपारी नोंदणी कचेरीत शेवटच्या नंबरला कागद आला. घरमालकाच्या तोंडात कापसाचा बोळा होता. अधिकाऱ्याने विचारलं, "राजीखुशीने विकताय ना?" घरमालकाने शटलकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि जोरात मान हलवली. बोळा सांभाळून कसाबसा म्हणाला, "यांना न विकून जाऊ कुठे?" सगळी कचेरी हसली. पैसे बँकेतल्या बँकेत घरमालकाच्या खात्यात गेले. शटलने सही केली. अक्षर नीट आलं.

पहिल्या तारखेला सकाळी तिच्या खात्यात वीसेक दिवसांच्या किराण्याचे पैसे होते. कचेरीतल्या कारकुनाने पासबुक पाहिलं, खोलीचा कागद पाहिला आणि म्हणाला, "ताई, पुन्हा सुरू."

"पुन्हा गरीब झाले ना मी?"

"कागदावर तरी."

"तेवढं पुरे."

भत्ता सुरू झाला तरी मावशीची पुन्हा नेमणूक व्हायला जानेवारी उजाडला. तोवर वहिनीच येत राहिली. मशिनांचं भाडं आता नव्हतं, पहिला हिवाळा फार ओढाताणीत गेला. एकदा खुर्चीचं पुढचं चाक मोडलं तेव्हा नवं आणायला दीड महिना लागला, कारण हाताशी काही ठेवायचीच सोय नव्हती. खोली होती, पण आजारपणाला, मोडतोडीला चार पैसे बाजूला ठेवायला ती अट अजून तशीच आडवी होती. शटलने प्रत्येक वर्षी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं की ही रेघ वर सरकवा, आणि दरवर्षी पोच आली, उत्तर आलं नाही. तरी तिने लिहिणं थांबवलं नाही. त्या पहिल्या हिवाळ्यानंतर मार्चमध्येच तिने भंगारवाल्याकडून एक गंजलेलं मशीन आणलं आणि खोलायला घेतलं.

नोंदणीनंतर सातव्या वर्षी शिल्लकेची मर्यादा थोडी वाढली. कुणी वाढवली, कशामुळे, ते कुणालाच ठाऊक नाही.

वहिनी नोंदणीनंतर दहाव्या वर्षी, मे महिन्याच्या चार तारखेला, दवाखान्यात वारली. शटल त्यानंतर दोन वर्षांनी, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला सकाळी, स्वतःच्या खोलीत गेली. तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती.